संगणक सुरू होताना बायोसच्या सेटिंगमध्ये जाताच येत नाही

हिशेबवही:

नमस्कार. मी मिरजेत घरूनच पाच-सहा गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहिते आणि ते सारे काम २०१९ साली जोडून घेतलेल्या एका संगणकावर चालते. त्यात इंटेलचा नवव्या पिढीचा कोअर आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, विंडोज असलेली २४० जीबीची एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि जुन्या वर्षांच्या नोंदींसाठी १ टीबीची हार्ड डिस्क आहे. मदरबोर्डच्या कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष तिचा आहे असे मला वाटत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वर्षभराच्या मुदतवाढीसाठी नाव नोंदवून मी वेळ काढला खरा, पण ती मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते, म्हणून आताच विंडोज ११ वर जाऊन मोकळे व्हावे असे ठरवले. मायक्रोसॉफ्टच्या तपासणीच्या प्रोग्रामने प्रोसेसर, रॅम आणि डिस्क या तिन्हींना होकार दिला, मात्र दोन हरकती घेतल्या: टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय) सापडत नाही, आणि या संगणकाने सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचेच प्रोग्राम चालू देणारी सोय) चालवायला हवे. ज्यांनी संगणक जोडून दिला त्यांना फोन केला तर ते म्हणाले, ‘बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू करा, दोन मिनिटांचे काम आहे.’ त्या दोन मिनिटांच्या कामात माझे दोन रविवार गेले आहेत.

संगणक चालू केला की पडद्यावर काही क्षण काळोख असतो, मग कंपनीचे चिन्ह जेमतेम डोळ्यांसमोर येते आणि लगेच विंडोजचे फिरणारे ठिपके दिसू लागतात. या काळात मी एफ२, एफ१०, एफ१२ आणि डिलीट या चारही कळा आलटून पालटून, कधी एकदम, कधी दाबून धरून पाहिल्या, पण प्रत्येक वेळी विंडोजच उघडते. माझा कीबोर्ड बिनतारी आहे. इंटरनेटवर वाचून शिफ्ट दाबून रीस्टार्ट करण्याचाही मार्ग अवलंबला. त्याने निळा पडदा येतो, ‘ट्रबलशूट’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ही येतात, परंतु सगळीकडे ज्याचा उल्लेख आहे तो ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ हा पर्याय माझ्याकडे तिथे नाहीच. तेव्हा माझी वेळ चुकते आहे, कीबोर्ड चुकतो आहे की संगणकातच काही उणे आहे, हे कृपया कोणी सांगावे.

पेचकस:

ताई, वीस वर्षे संगणक उघडण्या-मिटण्यात गेली, त्या अनुभवावरून सांगतो की यातल्या दोन गोष्टी नक्की चुकत आहेत आणि तिसरीचा मला संशय आहे.

पहिली गोष्ट वेळेची. वीज मिळताच मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर (बोलताना लोक त्यालाच बायोस म्हणतात), आधी जागा होतो, रॅम, डिस्क, कीबोर्ड जागेवर आहेत की नाहीत हे पाहतो, आणि मग सूत्रे विंडोजच्या हाती देतो. सेटिंगची कळ ऐकायला तो या दरम्यानच कान देतो, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. पूर्वी हार्ड डिस्क कुरकुरत फिरायची, रॅमची मोजणी पडद्यावर सरकताना दिसायची, आणि चहाचा घोट घेऊन डिलीट दाबली तरी चालत असे. एसएसडी आल्यावर ती चैन संपली. विंडोज ८ च्या वेळी, २०१२ साली, मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवले होते की कळ ओळखण्यासाठी आता २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी अवधी उरतो आणि माणसाने कितीही भराभर टिचक्या मारल्या तरी नेम लागेलच असे नाही. त्यात आपला मॉनिटर जागा व्हायला दोन-तीन सेकंद घेतो. म्हणजे आपल्याला चिन्ह ‘जेमतेम’ दिसते तेव्हा ते प्रत्यक्षात बराच वेळ लागून गेलेले असते. म्हणून पडद्याकडे पाहून कळ दाबू नये. बटण दाबल्याबरोबर, काळोखातच, सेकंदाला दोन-तीन वेळा या गतीने टिचक्या सुरू कराव्यात आणि विंडोज उघडेपर्यंत किंवा सेटिंगचा पडदा येईपर्यंत थांबू नये. कळ दाबून धरू नका. काही बोर्ड त्याला अडकलेली कळ समजतात. शक्यतो संगणक बंद करून चालू करण्याऐवजी विंडोजमधून रीस्टार्ट करा, म्हणजे मॉनिटर जागाच असतो.

चार कळा एकदम दाबण्याचा तर काहीच उपयोग नाही. कोणती कळ वापरावी याचा नियम कोणत्याही मानकात लिहिलेला नाही, ज्याने त्याने आपापली ठरवली. सुट्या मदरबोर्डांपैकी गिगाबाइट आणि एमएसआय यांना डिलीट लागते, आसुस आणि एएसरॉक यांना डिलीट किंवा एफ२ यांपैकी कोणतीही चालते. एफ८, एफ११, एफ१२ या कळांनी बहुधा वेगळाच पडदा येतो, ज्यात आज कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची एवढेच विचारतात. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकताना तो उपयोगी पडतो, आपल्याला आत्ता नको आहे. आपला संगणक जोडून घेतलेला आहे, तेव्हा फक्त डिलीट हीच कळ वापरा.

दुसरी गोष्ट कीबोर्डची, आणि मुख्य गोम इथे असावी. बिनतारी म्हणजे नेमका कसा, हे आपण लिहिले नाही. ज्याच्याबरोबर यूएसबीचा बोटाच्या पेराएवढा खुंटा येतो, तो खुंटा फर्मवेअरला साध्या कीबोर्डसारखाच दिसतो आणि बहुधा काम होते. ब्लूटूथने जोडलेला कीबोर्ड मात्र विंडोजने ओळख करून दिल्याशिवाय बोलू लागत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या त्या क्षणांत आपण रिकाम्या लाकडावर बोटे आपटत असता. शिवाय बोर्डमध्ये ‘फास्ट बूट’ चालू असेल तर काही बोर्ड वेळ वाचवण्यासाठी यूएसबीची तपासणीच पुढे ढकलतात. (विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ ही निराळी सोय आहे, त्यात शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवतात. नावे सारखी असल्यामुळे लोक एक बंद करतात आणि दुसरे बंद झाले असे समजतात.) कुणाकडून तरी तारेचा साधा कीबोर्ड आणा आणि तो पुढच्या बाजूला न लावता मागे, थेट मदरबोर्डच्या यूएसबी खोबणीत लावा. मागे जांभळी गोल खोबण असेल आणि घरात तीत बसणारा जुना कीबोर्ड पडून असेल तर त्याहून उत्तम.

निळ्या पडद्यावर तो पर्याय का नाही, हा माझा तिसरा संशय आहे. पण ते सांगणारे माझ्यापेक्षा जाणकार इथे आहेत.

झटपट:

इतके करण्याची गरज नाही. कॅबिनेट उघडा, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल काढा, पाच मिनिटे थांबा आणि परत लावा. सगळी सेटिंग मूळपदावर येतील, फास्ट बूटही जाईल आणि बहुतेक बोर्ड स्वतःच सेटिंगचा पडदा दाखवतील.

पेचकस:

झटपटराव, उपाय खोटा नाही, पण तो इतक्या लवकर करायचा नसतो. तो सीआर२०३२ जातीचा ३ व्होल्टचा सेल काढला की कोणती सेटिंग बदलली होती हे आपल्याला ठाऊक नसताना सगळीच पुसली जातात. जोडणाऱ्याने डिस्कशी बोलण्याची पद्धत कोणती ठेवली होती, ‘एएचसीआय’ की ‘रेड’, हे ताईंना माहीत नाही. ती पुसल्यावर दुसरीच झाली तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकते आणि मग एका दुखण्याची दोन होतात. लॅपटॉपमध्ये तर फर्मवेअरचा पासवर्ड बहुधा सेलवर अवलंबून नसलेल्या चिपमध्ये असतो, म्हणून ‘सेल काढला तरी पासवर्ड जात नाही’ अशी तक्रार घेऊन लोक येतात. चुकीच्या सेटिंगमुळे पडद्यावर काहीच दिसेनासे झाले, तर तेव्हा अवश्य सेल काढावा, आणि तेही विजेची तार भिंतीपासून सोडवूनच.

सरळरेघ:

पेचकस यांच्या तिसऱ्या संशयाबद्दल लिहितो. माझ्या मते हिशेबवही यांच्या प्रश्नातील सर्वांत मोलाची ओळ हीच आहे की निळ्या पडद्यावर तो पर्याय नाही.

कळ वेळेवर दाबण्याचा खटाटोप टाळावा म्हणून यूईएफआयमध्ये, म्हणजे जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरमध्ये, एक साधी सोय केलेली आहे. फर्मवेअरच्या स्मृतीत ‘ओएस इंडिकेशन्स’ नावाची एक जागा असते. विंडोज किंवा लिनक्स त्यातली एक बिट चालू करून संगणक पुन्हा सुरू करते, फर्मवेअर उठताच ती चिठ्ठी वाचते, आणि कोणतीही कळ न दाबता थेट सेटिंगचा पडदा उघडते. ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ हा पर्याय एवढेच करतो. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘शटडाउन’ ही आज्ञा रोमन लिपीत लिहून तिच्यापुढे तिरक्या रेघेसह आर, पुन्हा तिरक्या रेघेसह एफ-डब्ल्यू, आणि शेवटी तिरक्या रेघेसह टी व शून्य असे लिहिले तरी हेच घडते. लिनक्सवर ‘सिस्टमसीटीएल रीबूट’ या आज्ञेला दोन आडव्या रेघांनंतर ‘फर्मवेअर-सेटअप’ जोडले की काम होते.

मात्र ही चिठ्ठी ठेवायची तर विंडोज स्वतः यूईएफआयच्या मार्गाने सुरू झालेले असले पाहिजे. २०१० नंतरच्या कित्येक मदरबोर्डांत यूईएफआयच्या जोडीला जुन्या बायोसची नक्कल करणारा सीएसएम नावाचा भाग दिलेला होता, म्हणजे जुन्या पद्धतीने टाकलेले विंडोजही चालावे. संगणक जोडणाऱ्यांपैकी अनेकांनी सवयीने तो चालू ठेवून जुन्याच पद्धतीने विंडोज टाकले. तसे झाले असेल तर विंडोजला त्या चिठ्ठीच्या जागेपर्यंत हातच पोहोचत नाही आणि म्हणून ते तो पर्याय दाखवत नाही. तपासणीने सिक्युअर बूटबद्दल जी दुसरी हरकत घेतली तिचे कारणही हेच असू शकते, कारण जुन्या पद्धतीत सिक्युअर बूट असूच शकत नाही.

खात्री करणे सोपे आहे. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, ‘एमएसइन्फो३२’ हे रोमन अक्षरांत लिहून एंटर करा. जो तक्ता उघडेल त्यात ‘बायोस मोड’ अशी ओळ आहे. तिच्यापुढे ‘यूईएफआय’ लिहिले आहे की ‘लेगसी’, ते इथे कळवा. तोपर्यंत फर्मवेअरमध्ये शिरलात तरी काही बदलू नका, ही विनंती.

हिशेबवही:

सर्वांचे आभार, आणि सरळरेघ यांची क्षमा मागून सुरुवात करते, कारण त्यांची शेवटची ओळ मी नंतर वाचली.

कीबोर्ड ब्लूटूथचाच निघाला. तो एका कळीवर संगणकाला आणि दुसऱ्या कळीवर टॅबला जोडता येतो, म्हणून हौसेने घेतला होता. खुंटाही त्याच्याबरोबर आला होता, पण तो खोक्यातून कधी बाहेरच काढला नव्हता. भाच्याकडून तारेचा कीबोर्ड आणला, मागे लावला, रीस्टार्ट करून काळोखातच डिलीटवर टिचक्या मारल्या आणि पहिल्याच फेरीत सेटिंगचा पडदा उघडला. दोन रविवार मी खरोखर रिकाम्या लाकडावर बोटे आपटत होते.

आत गेल्यावर प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. एका पानावर सीएसएम हे नाव दिसले, ते चालू होते. ते बंद केल्याशिवाय सिक्युअर बूटची ओळ उघडत नाही असे शेजारच्या सूचनेत लिहिले होते, म्हणून ते बंद केले, एफ१० दाबून जतन केले आणि संगणक पुन्हा सुरू झाला. त्यानंतर जे घडले त्यावर हसावे की रडावे ते कळेना: विंडोज उघडेचना, कोणतीही कळ न दाबता सेटिंगचाच पडदा पुन्हा पुन्हा येऊ लागला. ज्या दारातून आत जाता येत नव्हते, त्यातून आता बाहेर पडता येईना. डिस्कांच्या यादीत माझी एसएसडी दिसत होती, पण कशावरून सुरुवात करायची त्या यादीत तिचे नाव नव्हते. मार्चअखेरचे ताळेबंद त्याच एसएसडीवर आहेत, त्यामुळे हात थरथरत होते. मोबाइलवरचे फोटो पाहून सीएसएम पुन्हा चालू केले आणि विंडोज काहीच न झाल्यासारखे उघडले.

त्यानंतर तो तक्ता पाहिला. ‘बायोस मोड’ पुढे ‘लेगसी’ असे लिहिले आहे. एसएसडीवर तीन भाग आहेत: सुरुवातीला एक छोटा राखीव भाग, मग सी आणि मग डी.

सरळरेघ:

क्षमा कसली, आपण फोटो काढले हे निम्म्याहून अधिक काम झाले. जे घडले ते बिघाड नव्हता. सीएसएम बंद झाल्यावर फर्मवेअरला आपल्या एसएसडीवर त्याला कळेल असे काहीच सापडले नाही, आणि सुरू करण्याजोगी डिस्क नसली की बरेच बोर्ड सेटिंगचा पडदा उघडून स्वस्थ बसतात.

कारण असे की जुना बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या तक्त्यासाठी आणि उरलेले दोन खुणेसाठी असतात. या रचनेला एमबीआर म्हणतात आणि मूळ चारच भाग व सुमारे २ टीबी ही तिची मर्यादा त्या ६४ बाइटांतूनच आलेली आहे. यूईएफआय मात्र जीपीटी नावाच्या तक्त्यात फॅट३२ पद्धतीचा एक लहान भाग शोधतो आणि त्यातली सुरुवातीची फाइल चालवतो. आपल्या एसएसडीवर तो भागच नाही. तेव्हा आधी डिस्कची रचना बदलायची आणि मगच सीएसएम बंद करायचे, हा क्रम उलटला की आपण पाहिला तो अनुभव येतो.

विंडोज पुन्हा न टाकता हे करता येते. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून ‘एमबीआर२जीपीटी’ नावाची आज्ञा विंडोजबरोबरच मिळते. ती सी व डी मधल्या फाइलींना हात न लावता तक्ता बदलते आणि लागणारा लहान भाग तयार करते. तिची अट अशी की डिस्कवर तीनहून अधिक मूळ भाग नसावेत आणि त्यात विस्तारित किंवा तार्किक भाग मुळीच नसावेत. आपले तीन आहेत म्हणजे काठावर का होईना, बसते आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आज्ञेपुढे तिरक्या रेघेसह ‘व्हॅलिडेट’ आणि पुन्हा तिरक्या रेघेसह ‘अलाउफुलओएस’ असे सलग रोमन अक्षरांत लिहा. हा फक्त तपास असतो, यात काहीही बदलत नाही. तो यशस्वी झाला तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहून तीच आज्ञा पुन्हा द्या. काम संपले की लगेच रीस्टार्ट करून सेटिंगमध्ये जा आणि सीएसएम बंद करा.

त्याआधी ताळेबंदांची प्रत दुसरीकडे ठेवा. दुसरीकडे म्हणजे त्याच एसएसडीच्या डी मध्ये नव्हे, आणि शक्य असेल तर त्याच कॅबिनेटमधल्या हार्ड डिस्कवरही नव्हे. आज्ञा सहसा चुकत नाही, पण मध्येच वीज गेली तर काय होईल याचा विचार मिरजेत बसून आपण माझ्यापेक्षा चांगला करू शकाल. यूपीएसची बॅटरी शाबूत आहे ना, हे पाहूनच बसा.

पेचकस:

आतली दोन नावे सांगून ठेवतो, कारण टीपीएम शोधताना निम्मे लोक तिथेच थकतात. इंटेलच्या बोर्डवर ते ‘टीपीएम’ या नावाने क्वचितच सापडते. ‘पीटीटी’ किंवा ‘इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी’ असे लिहिलेले असते आणि बोर्डागणिक ते ‘पेरिफेरल्स’, ‘सिक्युरिटी’, ‘ट्रस्टेड कम्प्युटिंग’ किंवा ‘पीसीएच-एफडब्ल्यू’ अशा कोणत्याही पानात दडलेले असते. एएमडीच्या बोर्डवर त्याचे नाव ‘एफटीपीएम’. वेगळी चिप विकत घ्या असे कोणी सांगितले तर घेऊ नका. आपल्या प्रोसेसरच्या काळातील इंटेलच्या बोर्डांत ही सोय फर्मवेअरमध्येच असते, फक्त येताना ती बहुधा बंद ठेवलेली असते.

आणखी एक. ज्यांच्याकडे खूप जुने ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनी सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो, कारण त्या कार्डाला यूईएफआयची भाषा येत नाही. ताईंचा मॉनिटर मदरबोर्डलाच जोडलेला असेल तर ही भीती नाही.

घाटमाथा:

हिशेबवही यांचा संगणक टेबलावरचा आहे, पण हे वाचून लॅपटॉपवाले फर्मवेअरमध्ये शिरणार, म्हणून त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहितो.

लॅपटॉपवर ओळीतल्या वरच्या कळा बहुधा आवाज आणि प्रकाशासाठी राखलेल्या असतात, त्यामुळे नुसती एफ२ दाबल्याने आवाज कमी होतो आणि फर्मवेअरला काही कळतच नाही. तिच्याबरोबर एफएन दाबून पाहावे. डेल आणि एसर यांच्यात एफ२, एचपीमध्ये आधी इस्केप आणि मग एफ१०, लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये एफ१ किंवा एंटर चालते. लेनोव्होच्या काही आयडियापॅडवर तर कडेला सुईच्या टोकाएवढे भोक असते. लॅपटॉप बंद असताना त्यात टाचणी टोचली की एक यादी उघडते, तीत सेटिंगचाही पर्याय असतो. मायक्रोसॉफ्टच्या सरफेसवर आवाज वाढवण्याचे बटण दाबून धरून मग चालू करण्याचे बटण दाबायचे असते.

पण कळ सापडण्यापेक्षा मोठा प्रश्न बिटलॉकरचा आहे. अलीकडच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली टीपीएमकडे राहते. गेल्या वर्षी मी सिक्युअर बूट बंद करून लिनक्स चालवून पाहिले आणि परतताना विंडोजने ४८ अंकी किल्ली मागितली. ती माझ्या खात्यात ऑनलाइन नोंदलेली होती म्हणून सुटलो, पण ती दुसऱ्या यंत्रावरून उघडून एकेक आकडा टंकताना घाम फुटला. फर्मवेअरमधले सिक्युअर बूट किंवा टीपीएम यांना हात लावण्याआधी ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी आणि कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. नुसते आत जाऊन पाहून, काही न बदलता बाहेर आलात तर काही होत नाही.

हिशेबवही:

काल संध्याकाळी काम झाले, ते क्रमाने नोंदवून ठेवते.

माझ्याकडे बिटलॉकर नव्हतेच, कारण टीपीएमच बंद होते. ताळेबंद आणि संस्थांच्या वह्या बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, आणि ती डिस्क सोडवून कपाटात ठेवली. पहिल्यांदा आज्ञेने नकार दिला, कारण कमांड प्रॉम्प्ट मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलाच नव्हता. तसा उघडल्यावर तपास यशस्वी झाला, मग रूपांतराची आज्ञा दिली आणि ती इतक्या लवकर संपली की खरेच काही झाले का, अशी शंका आली. रीस्टार्ट करून डिलीट, सीएसएम बंद, एफ१०, आणि विंडोज एका झटक्यात उघडले.

पीटीटी ‘पेरिफेरल्स’मध्ये होते. सिक्युअर बूटने मात्र अर्धा तास खाल्ला. मी ते ‘एनेबल्ड’ केले तरी खाली ‘नॉट अ‍ॅक्टिव्ह’ असेच लिहून येत होते. त्याच पानावर ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ अशी ओळ होती. बोर्डमध्ये सिक्युअर बूटच्या चाव्या भरलेल्याच नव्हत्या, त्या भरल्यावर आणि पुन्हा एकदा जतन करून बाहेर पडल्यावर ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसले. संगणक जोडून देणाऱ्यांना हे ठाऊक असेल तर त्यांनी गिऱ्हाइकाला दोन मिनिटांचे काम म्हणून सांगू नये, एवढे मला वाटते.

आता त्या तक्त्यात ‘बायोस मोड’ पुढे ‘यूईएफआय’ आहे, टीपीएमच्या पानावर २.० ही आवृत्ती दिसते, आणि तपासणीच्या प्रोग्रामने दोन्ही हरकती मागे घेतल्या आहेत. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर निळ्या पडद्यावर ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ही आले. ते दाबून पाहिले. ब्लूटूथचाच कीबोर्ड होता, तरी सेटिंगचा पडदा उघडला. मात्र तिथे पोहोचल्यावर तो कीबोर्ड पुन्हा मुका झाला आणि बाहेर पडण्यासाठी माउस वापरावा लागला, म्हणून भाच्याचा कीबोर्ड तूर्त परत केलेला नाही.

पेचकस:

परत करा, आणि आपल्या कीबोर्डचा खुंटा खोक्यातून काढून मागच्या यूएसबीत लावा. फर्मवेअरमध्ये जायचे असेल तेव्हा कीबोर्ड ब्लूटूथवरून खुंट्यावर वळवला की तोच कीबोर्ड आतही बहुधा चालेल.